बावीसचा पाढा आणि एक ‘म्हणे’

दिघीला कुणी येत नाही, दिघीवरून जातात. श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावर हे गाव आहे आणि बोर्ली पंचतनकडून येणारा रस्ता इथे पोचला की समोर पाणी बघून थांबतो. मग गाडीवाले गाडीसकट फेरीबोटीत चढून पलीकडे आगरदांड्याला जातात, समुद्रातला जंजिरा किल्ला पाहायला निघालेले लाँच धरतात आणि माल बंदरातून परमुलखात जातो. २०२१ साली अदानी समूहाने हे बंदर ७०५ कोटी रुपयांना घेतलं, २०२४ साली केंद्र सरकारने दिघीचं नाव नव्या औद्योगिक शहरांच्या यादीत घातलं. म्हणजे यापुढे दिघीवरून जाणारे आणखी वाढणार. मात्र या सगळ्या उलाढालीत दिघीच्या धक्क्यावर एक शाळाही भरते, हे कुणाच्या खिजगणतीत नाही. लाँचचं इंजिन धडधडलं की तिची घंटा होते. विद्यार्थी वय वर्षे चार ते चौऱ्याहत्तर, गणवेश म्हणून प्रत्येकाच्या अंगात एक न बसणारं केशरी जॅकेट. हजेरी शंभर टक्के, कारण मधल्या सुट्टीत पळून जायचं तर पोहावं लागेल. मोबाइलची रेंज अधूनमधून जाते, त्यामुळे लक्षही बरंचसं जागेवर असतं. असा वर्ग मिळावा म्हणून जगभरचे शिक्षणतज्ज्ञ परिषदा भरवतात. आपल्याकडे तो रोज भरतो आणि त्यात लाँच हाकणारा तांडेल बावीसचा पाढा शिकवतो.

हा पाढा ऐकला नाही असा जंजिऱ्याचा पर्यटक विरळा. किल्ला बावीस एकरांत, बांधायला लागली बावीस वर्षं, बुरूज बावीस आणि कलाल बांगडी तोफेचं वजन बावीस टन. ऐकणाऱ्याला वाटावं की बांधणाऱ्या सिद्दीला बावीसशिवाय दुसरा आकडाच येत नव्हता. पुस्तकं उघडली तर गणित फिसकटतं. किल्ला दगडात बांधणाऱ्या बुऱ्हाणखानाच्या कोटासाठी साधारण १५६७ ते १५७१ हा काळ दिलेला असतो. वजाबाकी केली तर उत्तर चार येतं. पुढच्या सिद्दींची डागडुजी धरली तरी ते नेमकं बावीसवर येऊन थांबेल याची हमी नाही. बुरुजांचा आकडा पुस्तकांत बहुधा १९ भेटतो. तोफेला कुणी तराजूत घातल्याचं ऐकिवात नाही. याच तोफेबद्दल असंही सांगतात की ती कितीही ऊन पडलं तरी तापत नाही. हे विधान तपासायला पुरातत्त्व खातं लागत नाही. एक तळहात आणि मे महिन्यातली दुपारी एकची वेळ पुरते. पण पर्यटक तोफेवर हात ठेवतो तो फोटोसाठी, चटका बसला तर फुंकर मारतो आणि परत येऊन चारचौघांत सांगतो की ती तोफ तापत नाही.

यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण बावीसचा पाढा म्हणजे कुणा एकाची थाप नव्हे. ती पाठांतराची युक्ती आहे, आणि आपण पाठांतरावर वाढलेली माणसं आहोत. एकोणीस, चार आणि ‘वजन अज्ञात’ हे तीन तपशील किल्ल्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत डोक्यातून जातात. बावीस मात्र नातवंडांपर्यंत टिकतो. शिवाय हा धंदा जंजिऱ्यावर जन्मलेला नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीसचा हिरोडोटस इजिप्तमध्ये पिरॅमिड पाहायला गेला, तेव्हा त्याला एक दुभाषा भेटला. पिरॅमिडवरचा मजकूर वाचून त्याने सांगितलं की मजुरांना मुळे, कांदे आणि लसूण खाऊ घालायला १६०० टॅलंट चांदी खर्च झाली, तेच इथे लिहिलंय. राजाने एवढा डोंगर रचायचा आणि त्यावर भाजीचा हिशेब कोरायचा! पण गाइडला ठाऊक असतं की पाहुण्याला काहीतरी आकडा हवा असतो, आणि आकडा लसणाचा असेल तर तो घरी जाऊन नक्की सांगतो. हिरोडोटसनेही सांगितला, तो अडीच हजार वर्षं टिकला. मात्र त्याच हिरोडोटसने दुसरीकडे स्वतःपुरता एक नियम करून ठेवला आहे: लोक जे सांगतात ते मी सांगेन, पण ते सगळं मी खरं मानलंच पाहिजे असं नाही. या नियमाला मराठीत एकच शब्द आहे. त्याच्याकडे पुढे यायचंच आहे.

आज जगात एका वर्षात १४० कोटींहून अधिक परदेशवाऱ्या होतात, म्हणजे जवळजवळ अख्खा भारत बॅगा भरून निघाल्यासारखं आहे. ‘प्रवासाने माणूस शहाणा होतो’ हे वाक्य या उद्योगाचा पाया आहे. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडचे उमराव आपल्या पोरांना शहाणं करायला इटलीत पाठवत आणि सोबत एक शिक्षक देत; त्या शिक्षकाला लोक चक्क ‘अस्वलवाला’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचा दरवेशी. पोरगं नाचेल तसं नाचू द्यायचं, फक्त दोरी सोडायची नाही. आता दरवेशी गेला, दोरी मोबाइलच्या हातात आली आणि शहाणपणाचा वेग वाढला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दोन अभ्यासकांनी मोजून २००१ साली प्रसिद्ध केलं की प्रेक्षक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद उभा राहतो. जगातल्या श्रीमंत संग्रहालयाला प्रेक्षकाकडून २७ सेकंद मिळतात आणि दिघीच्या लाँचला जाऊन-येऊन चांगला पाऊण तास. या एका तुलनेवर माझं सगळं म्हणणं उभं आहे. वारसा, पर्यटन आणि शिक्षण या तिघांची गाठ जिथे खरोखर पडते ती जागा म्हणजे ही लाँच, आणि तिच्यात काय बोललं जातं हे सरकारी फलकापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

फलकाचा विषय निघालाच आहे तर त्यालाही न्याय देऊ. संरक्षित स्मारकाच्या दारातला निळा फलक म्हणजे जगातलं सर्वांत कमी वाचलं जाणारं साहित्य. त्यातली मराठी अशी असते की ती वाचून किल्ला अभेद्य का होता ते लगेच पटतं. तरीही त्या फलकावर प्रत्येकाची नजर एकदा पडतेच. गुन्हा केल्यास दोन वर्षं कैद किंवा एक लाख रुपये दंड, एवढंच वाचून माणसं पुढे सरकतात. शाळेच्या सहलीची तऱ्हा निराळी. परत आल्यावर ‘मी पाहिलेला किल्ला’ हा निबंध लिहायचा असतो. त्यात पहिला परिच्छेद पहाटे पाचला उठण्याचा, दुसरा एसटीतल्या गाण्यांच्या भेंड्यांचा, तिसरा डब्यातल्या पुरीभाजीचा. चौथ्यात किल्ला येतो आणि ‘भव्य’ एवढं एकच विशेषण घेऊन संपतो. पाचव्यात पोरं दमून झोपतात. यात पोरांचा दोष नाही. ज्याबद्दल कुणी काही विचारलंच नाही त्याबद्दल ती काय लिहिणार? हीच पोरं दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात तेव्हा तळ्याला पाणी कुठून आणायचं, दरवाजा कुठे ठेवायचा, यावरून मारामाऱ्या करतात. मातीच्या किल्ल्याला जे प्रश्न पडतात ते दगडाच्या किल्ल्याला पडू नयेत अशी व्यवस्था आपण फार काळजीपूर्वक केली आहे.

आता कुणी म्हणेल, दंतकथाही वारसाच की! बावीसचा पाढा, समुद्राखालून राजपुरी गावात निघणारं भुयार, दारूच्या पिंपांतून शिरलेले सिद्दी, हे सगळं काढून टाकलं तर उरणार काय, चुना आणि शेवाळ? मला हा आक्षेप मनापासून मान्य आहे. दगडी किल्ल्याआधी इथे कोळ्यांचा नायक राम पाटील याचा लाकडी मेढेकोट होता; त्यात पिंपांतून सैनिक शिरल्याची गोष्ट ज्याला सांगायची नसेल त्याने जंजिऱ्यावर जाऊच नये. प्रश्न गोष्ट सांगण्याचा नाही, ती कुठल्या सुरात सांगायची याचा आहे. लंडनच्या टॉवरचं उदाहरण घ्या. तिथले लाल-निळ्या झग्यातले पहारेकरी जगातले नामांकित गाइड आहेत आणि त्या नोकरीसाठी सैन्यात किमान बावीस वर्षं काढलेली असावी लागतात. वारसा पर्यटनात खरा, कागदोपत्री सिद्ध झालेला एक बावीस आहे आणि तो आपल्याकडे नसून टेम्सकाठी आहे! तर तिथेही एक लाडकी कथा सांगतात: टॉवरवरचे सहा डोमकावळे उडून गेले तर राज्य बुडेल, म्हणून सतराव्या शतकातल्या दुसऱ्या चार्ल्सपासून ते पाळले आहेत. त्याच टॉवरच्या इतिहासकाराने दप्तरं चाळली तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाआधी या पाळीव कावळ्यांचा मागमूस लागला नाही. कावळ्यांची नोकरी गेली का? छे. ते तिथेच आहेत, कथाही सांगितली जाते, फक्त आता तिला दंतकथा म्हटलं जातं. राज्य अजून बुडालेलं नाही.

यासाठी इंग्रजांना दोन-चार वाक्यं खर्च करावी लागतात. मराठीला एक शब्द पुरतो: म्हणे. ‘इथून राजपुरीपर्यंत भुयार आहे’ हे विधान आहे, त्याला पुरावा लागतो. ‘इथून राजपुरीपर्यंत भुयार आहे म्हणे’ ही गोष्ट आहे, तिला फक्त हुंकार लागतो. गोष्टीची गोडी तसूभर कमी होत नाही आणि सांगणाऱ्याचं इमान शाबूत राहतं. हिरोडोटसला जे सांगायला एक वाक्य लागलं ते आपली आजी अंगणात वाल सोलता सोलता सांगत आली. यावरही आक्षेप येईल: म्हणे हा कुत्सित शब्द आहे, तांडेलाला तो टोमणा वाटेल. पण हा शब्द वाक्यात कुठे बसतो ते पाहा. सुरुवातीला आला तर टोमणा: ‘म्हणे मोठा इतिहासकार!’ शेवटी आला तर गोष्ट: ‘एक होता राम पाटील म्हणे.’ जागा बदलली की भांडण होतं, एवढंच. तेव्हा आपल्याला तो वाक्याच्या शेपटाशी हवा आहे, कपाळावर नको. आणि सगळीकडेच म्हणे लावलं तर इतिहास पाणचट होईल ही भीतीही खोटी आहे, कारण बऱ्याच गोष्टींना ते लागतच नाही. सिद्दी आफ्रिकेतून, हबसाणातून आले, याला म्हणे नाही. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं, यालाही नाही. कुठे म्हणे लावायचं आणि कुठे नाही, हे ज्याला कळलं त्याचं इतिहासाचं निम्मं शिक्षण तिथेच झालं.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: लोक मजा करायला येतात, त्यांना कशाला शाळेत बसवता? मासळीचं ताट, कोकम सरबत, दोन फोटो, एवढंच त्यांना हवं असतं. पण माणसाला नुसती मजा कधीच पुरत नाही. आपण इथे आलो होतो हे त्याला कुठेतरी नोंदवायचं असतं. पुरावा तटावर आहे. बाण गेलेलं बदाम, दोन नावं, मध्ये अधिकचं चिन्ह. हे दुखणं जागतिक आहे. २०२३ साली एका पर्यटकाने रोमच्या कोलोसिअममध्ये आपलं आणि प्रेयसीचं नाव कोरलं आणि पकडल्यावर माफी मागताना लिहिलं की ही वास्तू इतकी जुनी आहे हे आपल्याला माहीत नव्हतं. कोलोसिअमला वय विचारायला बहुधा त्याला संकोच वाटला असावा. बदामवाले यावर एक जबरदस्त युक्तिवाद करू शकतात: इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात ग्रीक भाडोत्री शिपायांनी अबू सिंबेलला रामसेसच्या पुतळ्याच्या पायावर नावं कोरली, आज तो शिलालेख म्हणून अभ्यासला जातो, मग आमचा बदामही अडीच हजार वर्षांनी अभ्यासला जाईल. जाईलही. पण नाव कोरायचं तर रीत आपल्याच खाडीत शिकायला मिळते. राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाला मांदाडजवळ कुडे गावची २६ बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. सगळ्यांची नावं दगडात कोरलेली. फरक इतकाच की त्यांनी आधी दान दिलं आणि मग नाव कोरलं. आपले बदामवाले पहिली पायरी गाळतात. एवढं सांगूनही ज्याला समजणार नाही त्याच्यासाठी कोकणातल्या शिलाहार राजांनी उपाय करून ठेवला आहे. दान मोडणाऱ्याला शाप म्हणून ते ‘गधेगाळ’ नावाचा दगड उभा करत. त्यावरच्या चित्रात एक गाढव असतं. बाकीचं वर्णन घरात सगळे मिळून वाचतात अशा मासिकात करता येत नाही. लाखाच्या दंडाला न भिणारा माणूसही तो दगड पाहून खिशातली चावी खिशातच ठेवील.

तिसरा आक्षेप सर्वांत सहानुभूतीचा आणि म्हणून सर्वांत फसवा: बिचारा लाँचवाला होडी हाकणार की इतिहास शिकणार? त्याच्या पोटावर पाय का देता? उलट आहे. आज तिकीट होडीचं असतं आणि शिकवणी फुकट. जे फुकट मिळतं त्याचा दर्जा कुणी विचारत नाही. शिवाय गंमत अशी की तांडेलाला जे बिनम्हणेचं, पक्कं ठाऊक असतं तेच तो सांगत नाही, कारण त्याला वारसा म्हणतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. उधाणाच्या भरतीला किल्ल्याच्या पायरीशी होडी का लावता येत नाही, भांगाच्या दिवसांत पाणी कसं वागतं, सकाळचा मतलई वारा आणि दुपारचा खारा वारा यांत काय फरक पडतो, तटाच्या वळणात दडलेला दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय का दिसत नाही. आता यात थोडा इतिहास मिसळा. शिवाजी महाराजांना जंजिरा मिळाला नाही, म्हणून त्यांनी समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२च्या सुमारास समुद्रात भराव टाकून किल्ल्यापर्यंत सेतू बांधायला घेतला आणि मोगल कल्याणकडे उतरल्यामुळे त्यांना मागे फिरावं लागलं. त्या सेतूचे दगड भरतीने कसे हलवले असतील, हे पीएच.डी.पेक्षा तांडेल अधिक चांगलं सांगेल. आणि तो हे कधी सांगेल? होडी दरवाजासमोर वरखाली होत असताना, एक खलाशी तुमचं मनगट धरून ‘आता टाका पाय’ म्हणत असताना. त्या क्षणी पर्यटकाला किल्ला का पडला नाही हे गुडघ्यापासून कळतं. डोक्यावर, दरवाजाशेजारी, पंज्यांत आणि शेपटीत हत्ती धरलेला शरभ कोरलेला आहे. तो मात्र कुणालाच दिसत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष चपलेकडे असतं.

शेवटचा आक्षेप थोडा नाजूक आहे. जंजिऱ्यावर मराठी पर्यटकाची पंचाईत होते. ‘अजिंक्य’ म्हटल्यावर टाळी वाजवावी, तर अजिंक्य कुणासमोर राहिला हे लगेच आठवतं आणि टाळी अर्ध्यावर अडते. म्हणून बावीसचा पाढा बरा. त्यात कुणाचा जय नाही, पराजय नाही, नुसतं क्षेत्रफळ. पण या अवघडलेल्या टाळीतच खरा धडा आहे. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत, तमिळनाडूची जिंजीही आहे, जंजिरा नाही. का नाही, असा प्रश्न लाँचमध्ये एखाद्या पोराने विचारला तर उत्तर देताना हबसाणातून निघालेला खलाशी, अहमदनगरची निजामशाही, मोगल, कोळ्यांचा मेढेकोट, पद्मदुर्ग आणि खांदेरीसमोर सिद्दीने उभी केलेली उंदेरी, हे सगळं एका दमात सांगावं लागेल. आपला शत्रू एवढा चिवट का होता हे नीट सांगितलं तर आपले मोठे होते ते लहान होत नाहीत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालेली माणसं एका खडकावर तीन शतकं राज्य करतात, ही गोष्ट जगाचा भूगोल शिकवायला पुरेशी आहे आणि तिला व्हिसा लागत नाही. दिघीपासून लाँचचं तिकीट काढलं की झालं.

तेव्हा सरकारने नवा आराखडा, दर्शक केंद्र, ध्वनिप्रकाश खेळ यांवर खर्च करावाच. ठेकेदारांनाही वारसा असतो. पण त्याआधी एक स्वस्त उपाय करून पाहायला हरकत नाही. तिकिटात तांडेलाच्या बोलण्याचा मेहनताना धरावा, पावसाळ्यात होड्या ओढून ठेवलेल्या असतात तेव्हा त्याचा आणि इतिहासाच्या मास्तरांचा आठवडाभर वर्ग घ्यावा, ज्यात निम्मा वेळ तांडेल शिकवील. आणि सहलीच्या पोरांना लाँचमधून किल्ल्याभोवती एक चक्कर मारून बुरूज मोजायला सांगावेत. बाकी काही नको. एकाचे सतरा भरतील, दुसरीचे एकवीस, मास्तरांचे पुस्तकाप्रमाणे एकोणीस आणि तांडेलाचे अर्थातच बावीस. परतीच्या वाटेवर दिघीचा धक्का दिसेपर्यंत भांडण पेटलेलं असेल. त्या गलक्यात एखादी मुलगी विचारील, ‘पण सर, तो अर्धा बाहेर आलेला, तो बुरूज धरायचा का? बुरूज म्हणजे नक्की काय?’ सरांना लगेच उत्तर येणार नाही. तांडेल सुकाण धरून हसेल आणि म्हणेल, ‘आमच्या म्हाताऱ्याने बावीस सांगितले... होते म्हणे.’